ट्रंक रिकामी कर

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. परगावच्या संघाकडून खेळायला जायचं, तर पगार किती, खोली कुठे, सराव कधी, सगळं नीट विचारलंयस. आणि शेवटी लिहितोस, 'नाही जमलं तर येईन परत.' याच वाक्यासाठी लिहायला बसलोय.

कार्डिफचा जिम सलिव्हन तुला ठाऊक नसेल. बॉयलर बनवण्याच्या कामावर उमेदवारी करणारा वेल्सचा पोरगा. १९२१ च्या जूनमध्ये, सतराव्या वर्षी, खेळण्याच्या करारापोटी ७५० पौंड घेऊन विगनला गेला. इंग्लंडच्या उत्तरेतलं कोळशाचं, कापडगिरण्यांचं गाव ते. तिथे तेरा जणांची रग्बी लीग, पैसे घेऊन खेळायची. पंधरा जणांच्या रग्बी युनियनवाल्यांना तो विटाळ वाटे. एकदा लीगचे पैसे घेतले की युनियनची दारं जन्माची बंद. वेल्सच्या युनियन संघातून तो कधीच खेळू शकला नाही.

म्हणशील, दारच बंद, तर राहणारच. नाही रे! दक्षिण वेल्समधून पुष्कळ पोरं तशी उत्तरेला गेली. पण सलिव्हन १९४६ पर्यंत त्याच विगनकडून खेळला. पंचवीस वर्षं! सबंध कारकिर्दीत २,८६७ गोल मारले. रग्बीत गोल म्हणजे लाथेनं चेंडू दोन उभ्या खांबांमधून, आडव्या दांड्यावरून पार करायचा. एक किक डोळ्यांपुढे आण. चिखलाचं मैदान, टाचेनं माती उकरून त्यात उभा केलेला जड, ओला चामड्याचा चेंडू, चार पावलं मागे, आणि बुटाच्या टोकानं सरळ फटका. १९२५ मध्ये फ्लिम्बी अँड फॉदरगिल नावाच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात असे २२ गोल. १९२९ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर रग्बी लीगच्या चॅलेंज कपची पहिली फायनल झाली, तिचे पहिले गुणही त्याच्याच पायातून आले. ज्याचं मन कार्डिफच्या गाडीत बसलंय त्याच्या हातून हे होत नाही.

मी सांगतोय ते भोगून सांगतोय. मलाही परगावच्या एका कंपनीनं कबड्डीसाठी घेतलं होतं. डावा कोपरा माझा. दोन वर्षं माझी ट्रंक खाटेखाली कपड्यांसकट तशीच. एक शर्ट काढायचा, धुऊन पुन्हा आत ठेवायचा. भिंतीत फळी होती, तिच्यावर मी रुमालसुद्धा ठेवला नाही. दोन सामने बाहेर बसवलं आणि तिसऱ्या दिवशी मी गावी हजर. वडील आजारी होते, हे खरं. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं, हेही खरं. परत येणं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण ट्रंक भरलेली होती, बाळा. वडिलांच्या दुखण्याआधीपासून भरलेली होती.

सलिव्हननंही एकदा नाही म्हटलं. ब्रिटनच्या संघातून १९२४, १९२८, १९३२ असे तीन ऑस्ट्रेलिया दौरे केले, तिसऱ्यात कप्तान. १९३६ ला पुन्हा कप्तानपद देऊ केलं, तर बायको आजारी म्हणून गेला नाही. त्याला पळपुटा म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण तोवर पंधरा वर्षं तो पुरता विगनचा होऊन राहिला होता. मला स्वतःबद्दल हे म्हणता येत नाही, म्हणून तुझ्यावर चिडतोय.

जा किंवा जाऊ नकोस, मी काही बोलणार नाही. पण अर्धा जाऊ नकोस. ते 'परत येईन' पत्रातून खोड आणि डोक्यातूनही खोड.

आईशी मी बोलतो. रविवारी पोचलास की आधी कपडे फळीवर लाव, मग फोन कर.

तुझा,
काका