कल्चर निगेटिव्ह, मग दुखतं कायले?

"मॅडम, तुम्ही बाई माणूस. कसं सांगू?"

"माझ्याकडे नका पाहू. पंख्याकडे पाहून सांगा."

त्याने खरंच पंख्याकडे पाहत सगळं सांगितलं. वय 38, बुटीबोरीला कारखान्यात नोकरी, वर्धा रोडवरून रोज मोटारसायकलने जाणं-येणं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सहा महिन्यांपासून लघवीला जळजळ, रात्री चार-चारदा उठणं, अंडकोषाच्या मागच्या जागी ठणका. बसलं की वाढतो, संबंधानंतर तर दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. हे सांगतानाही तो खुर्चीच्या काठावर, एकाच अंगावर टेकून बसला होता.

कॅरीबॅगमधून फाइल निघाली. 'क्रॉनिक प्रोस्टेटायटिस' या शब्दांखाली लाल पेनची एक रेघ, 'पीएसए 6.8' खाली दोन. (पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन; रक्तातला त्याचा आकडा वाढला की कॅन्सरची शंका घेतात.)

"प्रोस्टेट म्हणजे कॅन्सरच ना? आणि तो नसंल, तर मग काय? लघवीचं कल्चर दोनदा निगेटिव्ह. जंतू नाही म्हणतेत. मग दुखून कायले राहिलं? मी काय नाटक करून राहिलो का?"

युरोलॉजिस्टने निदान नीट केलं होतं. ते उलगडून सांगायला गर्दीच्या ओपीडीत वेळ मिळाला नव्हता, एवढंच. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. प्रोस्टेटायटिस म्हणजे तिची सूज किंवा दुखणं; त्याचे चार प्रकार मानतात. थंडी वाजून ताप आला, लघवी अडकली, तर तो जंतूंचा तीव्र प्रकार. रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची. दुसऱ्यात जंतू ठाण मांडून बसतात आणि त्रास उलटून येत राहतो. एका प्रकारात तर काही जाणवतच नाही, दुसऱ्याच तपासणीत सूज सापडते. याचा होता तो उरलेला: ओटीपोटाचं जुनाट दुखणं, ज्यात जंतू सापडत नाहीत. प्रोस्टेटायटिसचा त्रास घेऊन येणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जण याच गटातले असतात.

पीएसए तर साध्या सुजेनेही चढतो, आणि याचं रक्त ऐन जळजळीत तपासलं होतं. 'आठ आठवड्यांनी परत' असं डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहिलेलं. लाल रेघांच्या खाली तो गेलाच नव्हता. पुढे तो आकडा 2.1 आला.

मग मी म्हटलं, "डावी मूठ आवळा. घट्ट. मी सांगेपर्यंत सोडू नका." आणि दुसरंच बोलत राहिले. पाचेक मिनिटांनी मूठ उघडायला लावली. बोटं लवकर सरळ होईनात, तळव्यावर नखांच्या चार खुणा.

"दुखतंय?"

"हौ."

"या मुठीत जंतू होते का?"

तो पहिल्यांदा पंख्यावरून नजर काढून माझ्याकडे बघून हसला. काळजीत काही जण जबडा आवळतात, काही जण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. दुखण्याचं कारण दर वेळी तेवढंच असतं असं नाही, पण याच्या फिजिओथेरपिस्टला ते स्नायू ताठच सापडले. आणि हा पठ्ठ्या मोबाइलवर पाहून रोज दोनशे वेळा कीगल, म्हणजे तेच स्नायू आवळायचा व्यायाम, करत होता! आधीच आवळलेली मूठ आणखी आवळायची. ते बंद झालं, स्नायू सैल सोडायचा श्वास शिकला. डॉक्टरांची गोळी चालू होती; सोबत दोनदा कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसणं. लघवीला जावं लागेल म्हणून मे महिन्यात, नागपूरच्या 45 डिग्रीत, पाणी कमी पिणंही सुटलं. तर्री बंद कर, असं मी सांगितलं नाही. काय खाल्लं की वाढतं ते वहीत लिहायला सांगितलं. तर्री निर्दोष सुटली, सहा कप चहा पकडला गेला.

चूक माझीही झाली. पहिल्याच भेटीत "पुढच्या वेळी बायकोला आणा" म्हणून बसले, आणि तो तीन आठवडे फिरकलाच नाही. नंतर कळलं, तिला लागण होईल म्हणून तो चार महिने हॉलमध्ये झोपत होता. भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या एका 'वैद्याने' "धात गेली, कॉलेजातल्या सवयी भोवल्या" असं सांगून त्याचे 11 हजार काढले होते. हस्तमैथुनाने प्रोस्टेटायटिस होत नाही, हे त्याला मी किती वेळा सांगितलं असेल!

शेवटी दोघं आले. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत होती. "मले वाटलं, यायचं बाहेर काही चालू हाय." यात जंतूच नाहीत तर तुम्हाला लागणार काय, असं मी म्हटलं, तशी ती त्याच्याकडे वळली. "हे सांगाले तुमाले चार महिने लागले?"

युरोलॉजिस्ट या आजारात एक प्रश्नावली भरून घेतात, 0 ते 43 गुणांची: दुखणं, लघवी, रोजच्या जगण्यावरचा परिणाम. सहा गुण उतरले तरी सुधारणा धरतात. त्याचे 29 होते, तीन महिन्यांनी 17. मला 17 कमी वाटले, त्याला जास्त. दुखणं पूर्ण जायलाच हवं, हा हट्ट त्याने सहज सोडला नाही.

दिवाळीनंतर एकदा सकाळीच फोन आला. "मॅडम, परत चालू झालं."

पूर्वी हेच वाक्य तो रडवेला होऊन सांगायचा. मी विचारलं, "दहापैकी किती?"

"तीन. लग्नाला गेलतो, अमरावतीपर्यंत गाडीवर."

"मग?"

"मग काय, पाणी तापवून राहिलो."