खिडकी क्रमांक ३ : घराचा पत्ता कोणाला द्यायचा?

गेल्या अंकात पोस्ट बॉक्सचा, म्हणजे पोस्टातच भाड्याने मिळणाऱ्या आपल्या पत्रांच्या पेटीचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं अर्थातच काढून टाकली आहेत.

काकू, गेल्या वर्षी सात वर्षांच्या मुलीला घेऊन मी सासर सोडलं. नवरा मारायचा. आता दुसऱ्या शहरात नोकरी आहे, भाड्याची खोली आहे. मी कुठे राहते ते फक्त आईला माहीत आहे. पण बँकेची, विम्याची पत्रं अजून सासरी जातात आणि तो फोडतो. पोस्टात पत्ता बदलाचा अर्ज दिला की सगळी पत्रं इकडे येतील ना?

ताई, तो अर्ज दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर उद्या सकाळी जाऊन रद्द करा आणि मग पुढचं वाचा.

मी ३३ वर्षं टपाल खात्यात काढली, त्यामुळे त्या अर्जाचं पुढे काय होतं ते मला डोळ्यांसमोर दिसतं. जुन्या पत्त्याच्या पोस्टात सकाळी डाक उघडतात, पोस्टमन आपापल्या बीटची, म्हणजे वाटपाच्या भागाची, पत्रं लावायला बसतात. तुमच्या नावाचं पाकीट आलं की जुन्या पत्त्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी बॉलपेनने नवा पत्ता लिहायचा. पाकिटाच्या तोंडावर, कोणालाही वाचता येईल असा. ते पाकीट तुमच्या हातात पडलं तर ठीक. पण खोलीला कुलूप असलं आणि पत्र तसंच राहिलं, तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातं, त्या नव्या पत्त्यासकट. पाठवणारा तुमचा नवराच असेल तर? पाकिटात कोरा कागद घालून तुमच्या नावाने सासरच्या पत्त्यावर धाडला की त्याचं काम झालं. स्पीड पोस्ट केलं तर परत यायची वाटही बघायला नको. पावतीवरचा नंबर टाकला की पत्र कुठल्या पोस्टात गेलं आणि कुठून वाटलं, हे त्याला मोबाईलवर दिसतं. घर कळत नाही, पण पोस्ट कळतं. आणि एका पोस्टाच्या हद्दीत प्राथमिक शाळा असून असून किती असतात?

हे मी घाबरवायला लिहीत नाही. १९९१ मध्ये मी नवी क्लार्क होते. दुपारी एक माणूस खिडकीशी आला, हातात पेढ्यांचा पुडा. बहिणीला मुलगा झालाय, तिने घर बदललंय, पत्ता हरवला म्हणाला. त्या बाईचा पत्ता बदलाचा अर्ज आठच दिवसांपूर्वी मीच घेतला होता. मी फाइल काढून त्याला पत्ता वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती बाई आली. डाव्या मनगटावर बांगड्या फुटून झालेल्या जखमा होत्या, त्यावर हळद लावलेली. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, "माझा पत्ता इथून कोणी सांगितला का?" मी "नाही" म्हणाले. ते खोटं होतं. कोणाचा पत्ता तिसऱ्या माणसाला सांगायचा नाही ही आमच्या खात्याची पहिली शिस्त, आणि ती मी मोडली होती. त्या बाईला मी परत कधी पाहिलं नाही. पत्त्याबद्दल मी इतक्या कळकळीने लिहिते ते त्या मनगटामुळे.

तर आता काय करायचं? पत्र पोचायला घर लागत नाही, ठिकाण लागतं. आपला पिन कोड बघा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी अधिकारी, संस्कृत कवी. सहा आकड्यांत पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग. पहिले तीन आकडे मिळून डाक कुठल्या जिल्ह्याकडे वळवायची ते सांगतात आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट सांगतात. पिन कोड पोस्टाच्या दारापर्यंत येऊन थांबतो. तिथून तुमच्या दारापर्यंतची वाट पोस्टमनच्या डोक्यात असते. पोस्ट बॉक्स म्हणजे पत्राला त्या अलीकडच्या दारातच थांबवणं.

तुमच्या शहरातल्या मुख्य पोस्टात जा, घराजवळच्या नको. पोस्टमास्तरांना भेटून पोस्ट बॉक्सचा अर्ज मागा. ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा लागेल, वर्षाचं भाडं भरावं लागेल. तुमचं घर पोस्टाला कळेल, पण पाकिटावर फक्त नाव, पोस्ट बॉक्स क्रमांक, पोस्टाचं नाव आणि पिन कोड. सहीची पत्रं पेटीत टाकत नाहीत, ती काउंटरवर घ्यावी लागतात. खासगी कुरिअर तिथे येत नाही.

मग बँक, विमा, जिथून जिथून पत्र येतं तिथे स्वतः वेगवेगळं लेखी कळवा. फॉर्मवर राहण्याचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असे दोन रकाने असतात. राहण्याचा खराच द्यावा लागतो, पण पत्रव्यवहाराचा वेगळा देता येतो. कुठे पोस्ट बॉक्स चालत नसेल तर आईचा पत्ता द्या. आईचं घर त्याला ठाऊकच आहे, त्यामुळे तिथे पत्र गेल्याने नवं काही उघड होत नाही. मात्र नवऱ्याबरोबरच्या संयुक्त खात्यावर पत्ता बदलू नका, तो त्यालाही दिसेल. स्वतःचं वेगळं खातं उघडा.

आणि या सगळ्याच्या आधी आधार. तुमच्या आधारला मोबाईल नंबर कोणाचा जोडलाय? लग्नानंतर आधार काढलेल्या कितीतरी बायकांचा नंबर नवऱ्याचाच असतो. नव्या घराचा पत्ता आधारवर चढवलात आणि ओटीपी त्याच्या फोनवर जात असेल, तर तो घरबसल्या तुमचं नवं आधार उतरवून घेईल. म्हणून आधी नंबर बदला, पत्त्याचं नंतर बघू. बऱ्याच पोस्टांत आधार केंद्र असतं, बोटांचे ठसे देऊन नंबर बदलून मिळतो. ऑनलाइन खरेदीचं खातं जुनंच वापरत असाल तर तेही आज बंद करा. पासवर्ड त्याला ठाऊक असेल तर तुम्ही भरलेला नवा पत्ता तिथे आयता मांडून ठेवलेला आहे.

शेवटी कोर्ट. तुम्ही दाखल केलेल्या अर्जाची प्रत समोरच्याला मिळते, आणि अर्जावर पत्ता असतो. म्हणून वकिलांना पहिल्याच दिवशी, अर्ज टाइप व्हायच्या आधी सांगा की घर कळता कामा नये. नोटिसांसाठी कोणता पत्ता द्यायचा आणि कोर्टाकडे काय विनंती करायची ते ते ठरवतील. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली त्याने तुमच्या नोकरीच्या ठिकाणी किंवा मुलीच्या शाळेत येऊ नये असा आदेश मागता येतो. त्याच कायद्याच्या २००६ च्या नियमांत आहे की बाईची इच्छा असेल तर ती निवारागृहात असल्याचं तिथल्या लोकांनी कोणाला सांगायचं नाही. मग तुम्ही लपून राहता याची लाज कशाला वाटून घ्यायची? पत्रात दोनदा "लपून" असं लिहिलंय तुम्ही, म्हणून सांगते.

तो दारात आलाच तर ११२ ला फोन करा.

दुसरं पत्र : आमच्या नदीतून रात्री वाळू काढतात. मी तालुक्याला माहिती अधिकारात अर्ज टाकला. चौथ्या दिवशी मोटारसायकलवरून दोघे घरी आले, अर्जाची झेरॉक्स दाखवली आणि "काका, कशाला या वयात?" म्हणाले. अर्जावर घराचा पत्ता द्यावाच लागतो का?

नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) वाचा. कारण विचारायचं नाही, आणि संपर्कापुरता तपशील सोडून अर्जदाराची बाकी माहितीही मागायची नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने याच प्रश्नावर निकाल दिला की अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला तरी पुरे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने तो निकाल सगळीकडे कळवला. तुमची झेरॉक्स ज्याने बाहेर दिली त्याने चूकच केली आहे.

पण काका, पेटीने घर झाकतं, नाव झाकत नाही. अर्जावर तुमचं नाव असणारच, आणि गावात आडनावावरून घर सापडतं. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला बाहेर पडले होते, तेव्हा त्यांच्यावर हल्ला करून त्यांना मारलं. त्यांचं घर, त्यांची वेळ, सगळं लोकांना ठाऊक होतं. म्हणून पुढचा अर्ज तुम्ही करूच नका. माहिती कोणीही भारतीय नागरिक, कुठल्याही जिल्ह्यातून मागू शकतो. पुण्या-मुंबईत राहणारा विश्वासातला माणूस शोधा, त्याच्या नावाने, त्याच्या पोस्ट बॉक्सवर उत्तर मागवा. आणि ते दोघे आले त्याची तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तुमच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.

तिसरं पत्र : मी घरून मसाले आणि चटण्या विकते. पाकिटावर घराचा पत्ता छापायची भीती वाटते, अनोळखी माणसं येऊन उभी राहतात. पोस्ट बॉक्स छापला तर चालेल का?

चालणार नाही, आणि चालू नये असंच माझं मत आहे. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता पाकिटावर लागतो, आणि खाण्याची वस्तू असल्याने अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही. उद्या कोणाच्या पोटात दुखलं तर त्याला तुमच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. जमलं तर बचत गटातल्या चौघींनी मिळून एक गाळा घ्या, माल तिथे बनवा आणि नोंदणीही त्या गाळ्याची करा. तोवर निदान एवढं करा : गुगलवर धंद्याची नोंद आहे तिथे पत्ता लपवून फक्त माल कुठे पोचवता तो भाग दाखवता येतो. व्हॉट्सअॅपच्या धंद्याच्या खात्यावरूनही नकाशा काढून टाका. पाकीट हातात असलेला आणि नुसता नकाशा बघून आलेला, यातला दुसरा तरी थांबेल.

चौथं पत्र : मी ७४ वर्षांचा, एकटा राहतो. मुलगी बंगळूरहून दर आठवड्याला काहीतरी मागवून देते. खोकी कचऱ्यात जातात, वर नाव, फोन, फ्लॅट नंबर. शिवाय लॉजवर आधारची झेरॉक्स मागतात. मास्क केलेलं आधार दिलं की पत्ता झाकला जातो ना?

नाना, मास्क केलेल्या आधारवर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, पत्ता जसाच्या तसा असतो. हा गैरसमज फार आहे. तरीही द्यायचं तर मास्क केलेलंच द्या, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा : लॉजचं नाव, तारीख, "फक्त मुक्कामासाठी". जिथे केवळ ओळख पटवायची आहे, राहण्याचा पुरावा मागत नाहीत, तिथे पॅन कार्ड दाखवा. त्यावर पत्ता नसतो.

एक नवी गोष्टही सांगून ठेवते. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला, दहा अक्षरांचा. पिन कोडसारखाच वाटतो, पण तो साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद अशा चौकोनापर्यंत नेऊन सोडतो, म्हणजे थेट तुमच्या उंबऱ्यावर. रुग्णवाहिकेला सांगायला उत्तम. फोनवर कोणी पत्त्यासाठी पिन विचारला तर सहा आकडी पिन कोडच सांगा.

खोक्यांचं सोपं आहे. त्यावरचं लेबल बहुतेक वेळा थर्मल कागदाचं असतं, बसच्या तिकिटाचा असतो तसा. त्याला शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं. म्हणून पेनाने खोडत बसू नका, खालचं वाचता येतं. चहाचं पातेलं गॅसवरून उतरवलं की त्याचं गरम बूड त्या लेबलवर टेकवा आणि सावकाश पुढे सरकवा. अक्षरांभोवतीचा पांढरा कागदही काळा होत जातो, आणि बघता बघता तुमचं नाव, नंबर, मजला त्या काळ्यात मिसळून जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीवर मात्र हे करू नका, ती चिकटेल. तिच्यावरचं लेबल कात्रीने कापून घ्या आणि बारीक तुकडे करून टाका.