एडिनबराला यायचं म्हणतोयस, तर आधी घरचं बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा की एडिनबराला आयटीतली ऑफर आहे, तीन वर्षांचा व्हिसा, बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार, आई-बाबा साताऱ्यात दोघंच राहणार, आणि माझा गोल्फ खेळतानाचा फोटो बघून तुला वाटलं की दादा, तिथे एवढा पैसा सुटतो का आणि तू खरंच रमलायस का. सगळं सांगतो, लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

फोटोपासूनच सुरू करतो कारण त्यात बरंच काही आलंय. तो फोटो एप्रिलमधल्या शनिवारचा, ब्रेड हिल्सवरचा. शहराच्या दक्षिणेला टेकड्या आहेत, त्यावर 1889 पासून लोकांसाठी खुलं असलेलं गोल्फचं मैदान आहे, कुणीही पैसे भरून खेळावं, मेंबरशिप लागत नाही. पुण्यात असताना येरवड्याच्या गोल्फ कोर्सवरून रोज जायचो, कुंपणाच्या आत काय चालतं ते मला कधी आपलं वाटलंच नाही, साहेब लोकांचा खेळ असंच डोक्यात होतं. इथे तसं नाहीये. इथे प्लंबर खेळतो, शाळेतल्या निवृत्त बाई खेळतात, पोरं शाळा सुटल्यावर खेळतात. स्कॉटलंडच्या राजाने 1457 साली या खेळावर बंदी घातली होती, का तर लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ आणि फुटबॉल खेळत बसतात म्हणून, म्हणजे बघ किती आतपर्यंत मुरलेला खेळ आहे. माझा सेट सेकंडहँड आहे, चॅरिटी शॉपमधून 35 पौंडांत घेतलेला, सात क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, आणि एक पिशवी. त्यामुळे फोटोवरून माझ्या पगाराचा अंदाज बांधू नकोस.

मला या खेळात ओढलं ते आमच्या जिन्यातल्या खालच्या शेजाऱ्यांनी. वय 71, आयुष्यभर शहरात बस चालवली, बायको वारलेली. मी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात, डिसेंबरात इथे दुपारी पावणेचारला अंधार पडतो, मी ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस एवढंच करत होतो, शनिवार-रविवार आपल्याच चार घरांत जेवणं. ते काही वाईट नाही, गणपती-दिवाळीला आपली माणसं लागतातच. पण तेवढ्यावरच राहिलास तर तू पाच वर्षं एडिनबरात राहूनही एडिनबरात नसतोस, हे माझं ठाम मत आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे गेलं, संध्याकाळी उजेड राहायला लागला, तेव्हा त्यांनी एकदा दार वाजवून विचारलं, येतोस का. तेव्हापासून सहा वर्षं झाली.

गोल्फची एक गोष्ट मला फार आवडते ती म्हणजे हँडिकॅप, म्हणजे ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे मिळणारी जादा फटक्यांची सवलत. त्यांचा 14, माझा 31, म्हणजे 18 होलमध्ये, होल म्हणजे बॉल ज्यात घालायचा तो खड्डा, मला त्यांच्यापेक्षा 17 फटके जास्त मिळतात, आणि आम्ही स्टेबलफोर्डने पॉइंट मोजतो, म्हणजे तुझ्या वाट्याच्या पारला, त्या होलसाठी ठरलेले फटके अधिक तुझ्या सवलतीचे एवढ्यात बॉल गेला तर, दोन पॉइंट, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, आणि एखाद्या होलवर सगळं बिघडलं तर शून्य धरून सरळ पुढे चालायचं. नवखा आणि मुरलेला एकाच सामन्यात खरोखरचं लढू शकतात. आणि चार तास नुसतं चालणं, त्यात खेळ जेमतेम काही मिनिटांचा, बाकी सगळा वेळ बोलायला. इथली माणसं समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, शेजारी शेजारी चालताना करतात.

त्या शनिवारी आम्ही सव्वाअकराला सुरुवात केली. 9 डिग्री, वारा, मध्येच पाच मिनिटं पाऊस, मध्येच लख्ख ऊन. वरून एका बाजूला किल्ला दिसतो, एका बाजूला आर्थर्स सीट नावाची टेकडी, पलीकडे खाडी आणि तिच्यापलीकडे फाइफचा किनारा. एप्रिलमध्ये टेकडीवर गॉर्स नावाची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात, आणि त्या फुलांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो, ऊन पडलं की जास्तच. मी रत्नागिरीचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी बॉल शोधायचं सोडून तिथेच उभा राहिलो होतो, आमच्याकडे आई नारळ खवायला बसली की सगळं माजघर त्या वासाने भरायचं.

आता घरची बातमी, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी बाबा अंगणात शेवाळावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. तिकडे सकाळचे साडेसहा, म्हणजे इकडे रात्रीचे दोन. माझा फोन सायलेंटवर. सहाला उठून बघतो तर ताईचे 14 मिस्ड कॉल. ताई चिपळूणहून निघून केव्हाच पोचली होती, मी घरातून निघाल्यावर 31 तासांनी पोचलो, कारण एडिनबराहून मुंबईला थेट विमान नाही, मग मुंबई ते रत्नागिरी वेगळं. ऑपरेशन नीट झालं. पण मी पोचेपर्यंत जे हाल झाले ते मोडलेल्या हाडामुळे कमी आणि कागदांमुळे जास्त. बाबांच्या खात्यावर ताईचं नाव नव्हतं. आरोग्य विम्याची पॉलिसी माझ्या ईमेलवर, तिला त्याचा नंबरही माहीत नव्हता. मी परदेशात बसून पैसे पाठवतोय म्हणजे माझी जबाबदारी पार पडतेय असं मी इतकी वर्षं समजत होतो, आणि प्रत्यक्षात सगळं एकट्या ताईच्या अंगावर पडलं. हे मला अजून लागतं.

म्हणून तुला सांगतो, व्हिसाचे कागद जमवायच्या आधी साताऱ्याचे कागद जमव. आई-बाबांच्या खात्यावर तिथे जवळ राहणाऱ्या एका विश्वासाच्या माणसाचं नाव, पॉलिसीची प्रिंट कपाटात, औषधांची यादी, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते ठरलेलं, जमिनीचं काही असेल तर सातबारा बघून घे आणि लागेल तसं कुलमुखत्यारपत्र कर. तुझं स्वतःचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथल्या रुपयांसाठीचं भारतातलं खातं, करावं लागेल. शेतजमीन पुढे घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ठरव, एनआरआय झाल्यावर ती विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. आणि रात्री फोन सायलेंटवर ठेवू नकोस, निदान दोन नंबरांसाठी तरी नको.

आई-बाबांना इकडे कायमचं आणता येईल असं मनात धरून येऊ नकोस, तो व्हिसा जवळजवळ मिळतच नाही. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं, त्यात हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर खर्च आपला, म्हणून जुनी दुखणी कव्हर करणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढल्याशिवाय आणू नकोस. मे ते ऑगस्टमध्ये आण, थंडीत नको.

तर त्या शनिवारी सातव्या होलवर माझी पाळी होती आणि खिशात फोन वाजला. साडेबारा इथले, तिकडे पाच. खेळताना फोन घेत नाहीत, पण शेजाऱ्यांनीच हाताने खूण केली घे म्हणून, आणि मागच्या दोघांना पुढे जायला सांगितलं. ताईचा व्हिडिओ कॉल. आधी म्हणाली भाचीचं लग्न ठरलं, मुलगा कुडाळचा, साखरपुडा मे मध्ये, मग म्हणाली थांब, आणि फोन फिरवला. बाबा वॉकर न घेता, एका हाताने कठडा धरून ओटीवरून खाली उतरत होते. सात पायऱ्या. आठ महिन्यांनी पहिल्यांदा. खाली येऊन कलमाखाली उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, यंदा मोहोर उशिरा आला पण आंबा बरा आहे. मला बोलताच येईना. शेजाऱ्यांनी मागून डोकावून बघितलं, टोपी काढली आणि बाबांना विचारलं, किती पायऱ्या. बाबांनी शाळेतल्या इंग्रजीत सेव्हन म्हणून सांगितलं, दोघंही हसले.

मग पुढच्या दोन होलपर्यंत आम्ही खेळण्यापेक्षा बोललोच जास्त. शेजाऱ्यांची मुलगी पर्थला असते, ऑस्ट्रेलियात, 15 वर्षं झाली, दोन नातू. मला माहीत होतं, पण त्यांनी त्याबद्दल इतकं कधी सांगितलं नव्हतं. म्हणाले, ती रविवारी तासभर फोन करते, सगळं छान चाललंय म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला काहीच कळलेलं नसतं. मला हवं असतं ते मंगळवारी दुपारी मुलाच्या गुडघ्याला खरचटलं ते, तेव्हाच्या तेव्हा. मी इतकी वर्षं स्वतःला निघून आलेला म्हणून बघत होतो, आणि ज्यांच्याबरोबर दर आठवड्याला खेळतो ते मागे राहिलेले बाबा आहेत हे मला त्या दिवशी नीट दिसलं. त्या रात्री मी बाबांना माझ्या बुटांना लागलेल्या चिखलाचा फोटो पाठवला. त्यांचा लगेच उलटा प्रश्न आला, माती काळी दिसते, भुसभुशीत आहे का? आता रोज असं काहीतरी जातं. तूही साताऱ्याला असंच पाठव, पहिल्या आठवड्यापासून.

त्या शनिवारी शेजाऱ्यांना 34 पॉइंट झाले, मला 31. हरणाऱ्याने सूप पाजायचं असा आमचा नेम आहे, मीच पाजलं.

आता पैशांचं आणि बाकीचं भराभर सांगतो. व्हिसाच्या फीशिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचे पैसे, असतो, मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776, आणि पूर्ण मुदतीचा आधीच भरायचा. तिघांचे तीन वर्षांचे 8,538 पौंड होतात, ते कंपनी भरणार का हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे, तोंडी नको. इन्कम टॅक्स इंग्लंडपेक्षा वेगळा आहे, 43,662 पौंडांच्या वरच्या कमाईवर 42 टक्के, त्यामुळे लंडनवाल्या मित्राचा हातात येणारा पगार बघून हिशोब करू नकोस. बायकोला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येते. औषधं स्कॉटलंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवर फुकट मिळतात, डोळे तपासणीही फुकट, आल्या आल्या जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, तिघांची नावं घाल. मुलीला नर्सरीचे वर्षाला 1,140 तास फुकट, शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होते आणि पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणून आधी शाळा बघ, मग घर. घर भाड्याने घेताना एजंटने वेगळी फी मागितली तर देऊ नकोस, इथे ती बेकायदा आहे. भिंतींना ओल आहे का ते हात लावून बघ. माझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये कपाटामागे बुरशी होती, घरमालकाने तीन महिने दाद दिली नाही आणि मुलाचा खोकला तोपर्यंत गेला नाही.

जॉइनिंगची तारीख निवडता येत असेल तर एप्रिल माग. नोव्हेंबरात येऊन एकदम अंधारात पडू नकोस, बायकोला तर फारच जड जाईल. आणि तारीख ठरली की कळव, शेजाऱ्यांकडे जुना अर्धा सेट पडून आहे, त्यांना मी तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की त्याचे आई-वडील कुठे असतात.