लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं?

प्रिय मित्रा,

एसइओमधलं, म्हणजे सर्च इंजिनात पान वर आणण्याच्या आपल्या धंद्यातलं, नेमकं काय वाचावं, असं तू विचारलंस. पाठवलेली यादीही नजरेखालून घातली. यादी चांगली आहे, पण ती तू विषयवार लावली आहेस: लिंक, कंटेंट, टेक्निकल, एआय. मी असते तर प्रत्येक लेखासमोर लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं ते लिहिलं असतं. कोणी टूल विकतो, कोणी एजन्सी चालवतो, कोणी गूगलचा नोकर, कोणी प्राध्यापक, कोणी बातमीदार, आणि कोणी ट्रॅफिक आटल्यामुळे हवालदिल झालेला साइटमालक. या धंद्यात तटस्थ माणूस शोधून सापडायचा नाही. म्हणून वाचताना मी एकच विचारते: हे लिहून याचं स्वतःचं काही नुकसान होतंय का? जिथे होतंय, किंवा जिथे गमावण्यासारखं काहीच नाही, तिथे पेन्सिलने खूण करते.

माझी पहिली खूण १९९८ सालची आहे. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना गूगलच्या रचनेवर शोधनिबंध लिहिला, तो तुझ्या यादीत आहेच. त्यातलं पेजरँक, म्हणजे येणाऱ्या लिंकांवरून पानाचं वजन ठरवायची पद्धत, सगळे सांगतात. शेवटी एक परिशिष्ट आहे, जाहिराती आणि हेतूंबद्दलचं; तिथपर्यंत फारसं कोणी पोचत नाही. जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन मुळातच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाईल, असं हे दोघे तिथे स्पष्ट लिहितात. उदाहरणही देतात: त्यांच्या प्रायोगिक इंजिनमध्ये ‘सेल्युलर फोन’ शोधल्यावर पहिला निकाल आला तो गाडी चालवताना फोनमुळे लक्ष कसं विचलित होतं याच्या अभ्यासाचा. फोन कंपन्यांचे पैसे घेणाऱ्या इंजिनाला असं पान वर दाखवणं जड गेलं असतं, हे त्यांचंच म्हणणं. पुढे गूगल कशावर उभं राहिलं ते तुला माहीत आहे. ते पान तेव्हा लिहिलं गेलं, कारण तेव्हा त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं.

आता टूलवाल्यांकडे ये. त्यांचा डेटा प्रचंड असतो आणि तो वाचलाच पाहिजे. पण घर घ्यायला आत्ता वेळ चांगली आहे का, हे इस्टेट एजंटला विचारल्यावर जे उत्तर येतं, तेवढंच वजन त्यांच्या निष्कर्षांना द्यायचं. एअरेफ्स या एसइओचं टूल विकणाऱ्या कंपनीने २०१७ साली पाहिलं की नवीन पानांपैकी किती पानं वर्षभरात गूगलच्या पहिल्या दहा निकालांत येतात. उत्तर निघालं ५.७ टक्के, तेही निदान एका कीवर्डसाठी, म्हणजे शोधशब्दासाठी. २०२३ मध्ये त्यांनी सुमारे १४ अब्ज पानं तपासून सांगितलं की ९६.५५ टक्के पानांना गूगलकडून काहीच ट्रॅफिक येत नाही. पहिला आकडा मला आवडतो, कारण तो क्लायंटला दाखवायला एजन्सीला कधीच सोयीचा नसतो. ‘तीन महिन्यांत पहिल्या पानावर’ असं कोटेशन पाठवणाऱ्याच्या तोंडावर तो मारता येतो. दुसऱ्याबद्दल मात्र एवढं ध्यानात ठेव, की पानं त्यांनीच गोळा केलेल्या साठ्यातली (इंडेक्समधली) आहेत आणि ट्रॅफिक हा त्यांचाच अंदाज आहे. शिवाय ‘कोणालाच ट्रॅफिक नाही’ हे वाचून घाबरलेला माणूस टूलच विकत घेतो.

परस्परसंबंधाच्या अभ्यासांपासून तर चार हात दूरच राहा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मॉझ या दुसऱ्या टूलकंपनीने जाहीर केलं की गूगल प्लस या गूगलच्या सोशल नेटवर्कवरचे ‘प्लस वन’ (तिथले लाइक) आणि वरचं रँकिंग यांचा फार घट्ट संबंध दिसतो. झालं, सगळे प्लस वन गोळा करायला धावले. तेव्हा गूगलच्या मॅट कट्स यांनी उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा: चांगलं लिहिलंत तर लोक त्याला लिंकही देतात, लाइकही करतात आणि प्लस वनही देतात, म्हणून आम्ही प्लस वन मोजतो असं होत नाही. उत्तर बिनतोड होतं. गूगल प्लस आता राहिलं नाही. पण आकडेवारी वाचण्याचा हा खोडसाळपणा दरवर्षी नव्या नावाने येतो. यंदा कुठल्या नावाने आलाय ते तुझ्या यादीतच सापडेल, मी सांगत नाही.

मग गूगलचं म्हणणं तरी वेदवाक्य मानायचं का? इथे जरा थांबून वाच, कारण खरी गंमत इथे आहे.

क्लिकचा रँकिंगशी थेट संबंध नाही, असं गूगलची माणसं वर्षानुवर्षं परिषदांमधून सांगत आली. नंतर अमेरिकी सरकारने गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्चचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची साक्ष झाली आणि ‘नॅवबूस्ट’ हे नाव सगळ्यांसमोर आलं. लोक कुठल्या शोधाला कुठल्या निकालावर क्लिक करतात याची मागच्या तेरा महिन्यांची माहिती ही यंत्रणा वापरते आणि ती निकालांचा क्रम ठरवणाऱ्या गूगलच्या महत्त्वाच्या सिग्नलांपैकी आहे, हे शपथेवर सांगितलं गेलं. व्यासपीठावर बोलताना खोटं ठरण्याची शिक्षा नसते, कोर्टात असते.

पुढच्या मे महिन्यात गूगलच्या अंतर्गत एपीआयची, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी माहिती कशी देवघेव करतात त्याची, कागदपत्रं फुटली. रँड फिशकिन आणि माइक किंग या एसइओतल्या दोघांनी ती लोकांसमोर मांडली. १४,०१४ गुणधर्मांची, म्हणजे माहितीच्या रकान्यांची, जंत्री होती ती. त्यात नॅवबूस्टचे उल्लेख होते, आणि ज्याचं अस्तित्व नाकारलं जायचं तशा संपूर्ण साइटच्या अधिकाराचाही एक रकाना होता. कागदपत्रं खरी असल्याचं गूगलने मान्य केलं, पण संदर्भ सोडून आणि अर्धवट माहितीवर निष्कर्ष काढू नका असंही बजावलं. हे बजावणं त्यांच्या सोयीचं होतं हे खरं, तरी ते चूक नव्हतं. कुठल्या रकान्याला किती वजन, कुठला वापरात आहे आणि कुठला नुसताच पडून आहे, हे त्या कागदांत नाही. स्वयंपाकघरातले डबे दिसले, आमटीत काय किती पडलं ते कळलं नाही. त्या आठवड्यात ‘१४ हजार रँकिंग फॅक्टर’ असे मथळे देणाऱ्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत. त्यांचं काही वाचत नाही.

आणि नॅवबूस्ट कळल्यावर लगेच ‘क्लिक वाढवून देतो’ म्हणणारे आलेच. त्यांच्याशी बोलण्याआधी कॉर्नेल विद्यापीठातला २००५ सालचा थॉर्स्टन योआकिम्स आणि सहकाऱ्यांचा निबंध वाच. त्यांनी विद्यार्थ्यांना सर्च करायला बसवलं आणि डोळ्यांची हालचाल टिपली. काहींना गूगलचे निकाल जसेच्या तसे दाखवले, काहींना पहिले दोन अदलाबदल करून, काहींना पहिले दहाच्या दहा उलटे करून. दुय्यम निकाल वर नेऊन ठेवला तरी पोरं त्यावर जास्त क्लिक करत होती. म्हणजे वर असल्यामुळे क्लिक मिळतो, आणि क्लिकमुळे वर राहायचं म्हटलं तर तो हिशेब सरळ नाही. सर्च इंजिन बांधणाऱ्यांना हे वीस वर्षांपासून ठाऊक आहे, त्यामुळे कच्चे क्लिक ते तसेच मोजत असतील असं मला वाटत नाही. तुला क्लिक विकायला येणाऱ्याने हा निबंध वाचलेला नसतो, एवढं पैजेवर सांगते.

मतप्रदर्शनाचे लेख तू यादीत अगदी कमी ठेवलेस. वाढव. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये डेरेक पॉवाझेक यांनी एसइओ हा धंदाच खोटा असल्याचं लिहिलं: यातला जो सल्ला बरोबर आहे तो कोणत्याही चांगल्या वेब डेव्हलपरला आधीच माहीत असतो, आणि जो माहीत नसतो तो चालत नाही. डॅनी सुलिव्हन तेव्हा पत्रकार होते, सर्च इंजिनांवर १९९६ पासून लिहीत होते. त्यांनी खरमरीत उत्तर दिलं. दोन्ही लागोपाठ वाच. माझं मत विचारशील तर पॉवाझेक सत्तर टक्के बरोबर होते, पण उरलेल्या तीस टक्क्यांवर आपली घरं चालतात. चांगला डेव्हलपर सगळ्यांकडे नसतो. सुलिव्हन स्वतः २०१७ मध्ये गूगलमध्ये गेले, तेव्हा त्यांचं आधीचं आणि नंतरचं लिखाण वेगवेगळ्या रकान्यात टाक. माणूस तोच, सचोटीही तीच असेल, पण पगार देणारा बदलला.

एकच बातमी वाचायची झाली तर डेव्हिड सेगल यांची न्यूयॉर्क टाइम्समधली, फेब्रुवारी २०११ ची. नाताळच्या हंगामात अमेरिकेत ‘ड्रेसेस’ शोधा, ‘बेडिंग’ शोधा, ‘एरिया रग्ज’ शोधा, पहिला निकाल जे. सी. पेनी या दुकानाचा. सेगल यांनी एका जाणकाराकडून तपास करवला. त्याला ‘इव्हिनिंग ड्रेसेस’, ‘कॅज्युअल ड्रेसेस’ अशा शब्दांवरून पेनीकडे नेणाऱ्या लिंक असलेली २,०१५ पानं सापडली, आणि त्यांतल्या कित्येकांचा कपड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. अणु-अभियांत्रिकीच्या नावाची साइट, बल्गेरियातल्या जमिनींची साइट, आणि त्यांत ड्रेसची लिंक! हे कोणी केलं ते आपल्याला माहीत नाही, असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसइओ सल्लागारांना काढलं. वर्तमानपत्राने पुरावे दिल्यावर गूगलने हाताने कारवाई केली. ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’साठी पेनी संध्याकाळी सातला पहिल्या क्रमांकावर होतं, नऊला एकाहत्तराव्या. मी नवीन मुलांना हाच भाग वाचायला देते, कारण शिक्षा कशी दिसते ते त्यात तासांच्या हिशेबात दिसतं. आणि दुसरी गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही: इतक्या उघड लिंक असूनही महिनोन्‌महिने ते चाललं, आणि पकडलं ते बातमीदाराने.

त्याच जातीचं अलीकडचं लिखाण म्हणजे हाउसफ्रेशवाल्यांचं, फेब्रुवारी २०२४. एअर प्युरिफायर स्वतः वापरून तपासणारी ही छोटी साइट. मोठमोठी मासिकं फारसं काही न तपासता ‘बेस्ट’च्या याद्या छापतात आणि नावाच्या जोरावर वर येतात, हे त्यांनी एकेक पान समोर ठेवून दाखवलं. त्यांचं नुकसान झालंय, ते चिडलेत, हे लक्षात ठेवून वाच; तरी पुरावे तपासता येण्याजोगे दिलेत, ही त्यांची जमेची बाजू.

याचवेळी जर्मनीतल्या लाइपझिग आणि वायमार इथल्या बेव्हनडॉर्फ वगैरे संशोधकांचा निबंध आला. गूगल बिघडतंय का, असंच त्याचं शीर्षक. वस्तूंच्या परीक्षणांचे ७,३९२ शोध त्यांनी वर्षभर गूगल, बिंग आणि डकडकगोवर पाहिले. वर येणारी पानं सरासरीने जास्त ऑप्टिमाइझ केलेली, जास्त अ‍ॅफिलिएट (खरेदी झाली की कमिशन देणाऱ्या) लिंकवाली आणि मजकुराच्या दर्जात कमी दिसली. ‘गूगल बिघडलं, संशोधनाने सिद्ध’ असे मथळे झळकले. मूळ वाचशील तर दिसेल, की अभ्यास फक्त वस्तूंच्या परीक्षणांचा आहे, गूगलचे निकाल थेट न घेता ते दाखवणाऱ्या स्टार्टपेज या दुसऱ्या साइटमार्फत घेतले आहेत, आणि गूगलने रँकिंगमध्ये केलेल्या अपडेटनंतर काही काळ गूगल थोडं सुधारल्याचंही त्यांनी नोंदवलं आहे. संशोधक हे सगळं स्वतःच लिहून ठेवतात. मथळ्यात ते मावत नाही.

एआयच्या उत्तरांत नाव कसं यावं यावरचे लेख तू ढिगाने जमवलेस. बहुतेक फेकून दे. प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्लीच्या लोकांचा २०२४ चा निबंध तेवढा ठेव. आकडे, अवतरणं आणि स्रोतांचे दाखले घातल्याने दृश्यता चाळीस टक्क्यांपर्यंत वाढली, कीवर्ड कोंबल्याने काही साधलं नाही, असं त्यांना दिसलं. ही यंत्रं दर महिन्याला बदलतात, त्यामुळे चाळीस हा आकडा क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये टाकू नकोस.

राहता राहिलं ते तुझ्या यादीत अजिबात नसलेलं: मराठी. तुझे निम्मे क्लायंट मराठीत लिहितात आणि तू वाचतोस ते सगळं इंग्रजी शोधांवर मोजलेलं. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाच्या ल्यिलियाना डोलामिच आणि जॅक सावोय यांनी २०१० मध्ये हिंदी, मराठी आणि बंगालीवर काम केलं. शब्दाचे प्रत्यय छाटून मुळाशी नेलं तर शोध किती सुधारतो, हे त्यांनी मोजलं. काहीच न छाटण्याच्या तुलनेत हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत १८, आणि मराठीत ४२! ‘घर, घरात, घरातल्या, घरापासून’ हे आपण बोलतो तसं यंत्राला किती जड जातं ते त्या आकड्यात आहे. गंमत म्हणजे शब्दाची पहिली चार अक्षरं ठेवून बाकी नुसतं कापलं तरी जवळपास तेवढाच फायदा झाला. या दोघांना आपल्याला काही विकायचं नव्हतं. अर्थात त्यांचा संग्रह २००८ चा आणि इंजिन प्रयोगशाळेतलं. आजचं गूगल तसं चालतं असं यातून म्हणता येत नाही. पण ‘पुणे दंतवैद्य’ हा शब्दसमूह पानात जसाच्या तसा नऊ वेळा आला पाहिजे, असं लेखकाला सांगण्याआधी पुण्यात, पुण्यातील, पुण्याच्या यांचं काय होतं ते पाहावंसं तुला वाटेल.

एक तपासणी तर या आठवड्यातच करता येईल. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द बघ. डोळ्यांना एकच. पहिल्यात पायमोडका र हा ‘ऱ’ या वेगळ्या अक्षरापासून टाइप केलाय, दुसऱ्यात साध्या ‘र’ला न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर जोडून. कीबोर्ड बदलला की हे बदलतं, आणि यंत्रासाठी हे दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या त्या दिवाळी फराळवाल्या क्लायंटच्या साइटवरच्या शोधचौकटीत ‘करंज्या’ टाकून काही कळणार नाही, त्यात हा र नाही. ‘पुऱ्या’ दोन्ही प्रकारे टाकून बघ. मग सर्च कन्सोलमधून (साइट कुठल्या शोधांना दिसली ते दाखवणारं गूगलचं टूल) गेल्या वर्षभराचे शोध उतरवून घे, आणि देवनागरी, रोमन आणि सरमिसळ असे तीन ढीग कर. निकाल मला पाठव, आकड्यांसकट. तू कुठला कीबोर्ड वापरलास तेही लिही.

तुझी,
ताई