शिकागोला येताय आणि सगळे म्हणतात, 'साउथ साइडला फिरकू नका'

ताई, तुमचे प्रश्न तीन. मिस्टरांच्या नोकरीमुळे शिकागोला यायचं ठरतंय, तर दक्षिण भागाबद्दल लोक सांगतात ते खरं का? आपल्याला रंगावरून त्रास होतो का? आणि वंशभेदाविरुद्ध मोर्चा निघाला तर व्हिसावरच्या माणसाने जावं का?

दुसऱ्यापासून सुरुवात करते. होतो, पण रोज उठून नाही. आपली बहुतेक मंडळी नेपरविल, शॉमबर्गसारख्या उपनगरांत चांगल्या पगारावर राहतात, त्यामुळे वर्षानुवर्षं काही जाणवतही नाही. पण हे कवच लॅपटॉप आणि गाडीमुळे असतं, कातडीमुळे नव्हे. २०१५ मध्ये अलाबामात नातवासाठी गुजरातहून आलेले एक आजोबा सकाळी फिरायला निघाले. शेजाऱ्याने पोलिसांना फोन करून एक काळा माणूस संशयास्पद फिरतोय असं सांगितलं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना असं आपटलं की शरीर अंशतः लुळं पडलं. खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडलं. तुमचे आईवडील किंवा सासूसासरे बाळंतपणाला, मुलांना सांभाळायला येतीलच. म्हणून 'हा काळ्या-गोऱ्यांचा मामला, आपल्याला काय' हे वाक्य इथल्या मराठी पार्ट्यांत ऐकलं की मला राग येतो. वर काळ्यांच्या नागरी हक्कांच्या ज्या चळवळीच्या रेट्यात १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला, त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसांचा. म्हणजे आपण आत आलो ते कोणी उघडलेल्या दारातून, हे विसरायचं आणि त्याच लोकांच्या वस्तीला नाकं मुरडायची!

आता साउथ साइड. एक तर तो अर्ध्या शहराएवढा पसरलेला भाग आहे. शिकागो विद्यापीठ ज्या हाइड पार्कमध्ये आहे, तेही साउथ साइडच. काही वस्त्यांत गोळीबार होतात, हे खोटं नाही, आणि रात्री अनोळखी भागात भटकू नका हे मीही सांगेन. पण त्या वस्त्या तशा झाल्या कशा, हे तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी कोणी सांगणार नाही.

दक्षिणेकडच्या राज्यांतून काळी माणसं कारखान्यांत कामाला इथे आली, तेव्हा त्यांना साउथ साइडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंबलं गेलं. १९१९ मध्ये मिशिगन तलावात पोहताना एक काळा मुलगा गोऱ्या-काळ्यांमधल्या अलिखित सीमारेषेपलीकडे वाहत गेला, दगडफेकीत बुडून मेला आणि त्यानंतरच्या दंगलीत ३८ जण गेले. पुढे घरांच्या खरेदीखतांतच अट असायची की काळ्यांना विकायचं नाही. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळणं बंद झालं. मग दलाल त्यांना चढ्या भावात हप्त्याने घर विकायचे. एक हप्ता चुकला की घरही गेलं, भरलेले पैसेही गेले. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी इथल्या मार्केट पार्क (Marquette Park) वस्तीत मोर्चा काढला, तेव्हा त्यांच्या डोक्यात दगड बसला. इतका द्वेष मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नाही, असं ते म्हणाले. इथे मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घर. ते घेऊच दिलं नाही, त्याचा हिशोब आजही दिसतो: २०२२ च्या सरकारी पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर, काळ्या कुटुंबाची सुमारे ४५,०००. शाळांचा मोठा पैसाही घरपट्टीतून येतो, त्यामुळे पुढची पिढीही तिथेच अडकते.

घर शोधताना एजंटला 'इथे कोणते लोक राहतात' असं विचारू नका. १९६८ च्या कायद्याने वंशावरून गिऱ्हाईक एका वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे. सरळ एजंट उत्तर देणार नाही. त्यापेक्षा गल्ली पाहा, दिवसा आणि संध्याकाळी दोन्ही वेळा.

न्यायाचं म्हणाल, तर वॉशिंग्टनमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारावर 'कायद्यासमोर समान न्याय' कोरलेलं आहे. इथे शिकागोत २०१४ मध्ये लाक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर पोलिसाने १६ गोळ्या झाडल्या. तो अंगावर आला, असं पोलिसांच्या अहवालात होतं. तेरा महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने व्हिडिओ बाहेर आला, त्यात तो दूर चालत जाताना दिसला. पोलिसाला पावणेसात वर्षांची शिक्षा झाली, साधारण निम्मी भोगून सुटला. आणि हे व्हिडिओ होता म्हणून. ज्यांचा नसतो त्यांचं काय? एक गोष्ट मात्र सुधारली: पूर्वी जामिनाचे पैसे नाहीत म्हणून दोष सिद्ध न होताच गरीब माणूस महिनोन् महिने तुरुंगात राहायचा. सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयने, म्हणजे शिकागोच्या राज्याने, रोख जामीनच बंद केला. असं करणारं हे पहिलं राज्य.

गाडी चालवायला लागाल तेव्हा पोलिसांनी थांबवलं तर हात स्टीअरिंगवर ठेवा, कागद काढण्यापूर्वी सांगा, उतरू नका. तुमचा वंश कोणता हे पोलीस अंदाजाने फॉर्मवर लिहील. २००४ पासून या राज्यात तशी नोंद सक्तीची आहे, भेदभाव मोजता यावा म्हणून.

मोर्चाबद्दल. बोलण्याचा, शांततेने जमण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. पण अटक झाली, गुन्हा नंतर मागे घेतला तरी व्हिसाच्या प्रत्येक अर्जात ती सांगावी लागते. पोलिसांनी पांगायला सांगितलं की तुम्ही दोघांनी निघायचं, भले बाकीचे थांबोत. हे भित्रेपणाचं वाटेल, पण दोघांचंही इथलं राहणं एकाच नोकरीला बांधलेलं आहे. इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा.

त्याखेरीज करण्यासारखं एक काम सांगते, त्याला व्हिसा आड येत नाही. फौजदारी न्यायालयं सर्वांना खुली असतात. सव्विसाव्या रस्त्यावर, कॅलिफोर्निया अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर कुक काउंटीचं मोठं न्यायालय आहे. एखाद्या सकाळी मागच्या बाकावर जाऊन बसा आणि कोणाला कसा न्याय मिळतो ते पाहा. ओळखपत्र सोबत ठेवा, फोन घरी ठेवा.