पेटीत सापडलेली पदकं आणि जमवण्याचा छंद : आधी कडा वाचा

नंतर येणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. गावच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची सहा पदकं निघाली: १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, डिफेन्स मेडल, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, एवढंच घरात ठाऊक. पदकं चकाचक करून फ्रेम करायचा विचार आहे. त्यातूनच जमवण्याची हौस लागली आहे आणि जुन्या बाजारात एक जण ‘व्हिक्टोरिया क्रॉस’, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, आणि एक संगीन द्यायला तयार आहे.

क्रॉस घेऊ नका, घासायला काहीही घेऊ नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रेमवाल्याकडे आत्ताच जाऊ नका. कारण ही सहा पदकं एका माणसाची दिसत नाहीत.

इंडिया सर्व्हिस मेडल हिंदुस्थानी फौजेतल्या अशा लोकांसाठी होतं, ज्यांनी युद्धकाळात किमान तीन वर्षं लढाईच्या आघाडीबाहेर नोकरी केली. नियमात स्पष्ट होतं की डिफेन्स मेडलला जो पात्र ठरला, त्याला हे मिळणार नाही. म्हणजे ही दोन पदकं एकाच छातीवर असायला नकोत. आफ्रिका आणि इटली करून आलेला एक जण आणि देशातच डेपो, ट्रेनिंग सेंटर किंवा कुठल्या भांडारात नोकरी केलेला दुसरा, असे दोघे तुमच्या ट्रंकेत एकत्र आलेत. आजोबांचा सख्खा-चुलत भाऊ, मेहुणा, कुणी बेळगावला पलटणीच्या केंद्रात होतं का, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. अशी माणसं घरच्या गोष्टींत मागे पडतात, कारण ‘लढाईवर गेला’ असं त्यांच्याबद्दल सांगता येत नाही.

आणखी एक. वॉर मेडल अठ्ठावीस दिवसांच्या नोकरीवर मिळायचं, म्हणजे त्या दुसऱ्या माणसालाही ते मिळालं असणार. तुमच्याकडे एकच आहे. दुसरं शोधा. ते तांबं-निकेलचं असतं, तेव्हा सोनाराच्या मुशीत गेलं नसावं. देवघराचा खण, शिवणाचा डबा, पोरांची खेळणी, सगळं पाहा. एका बाजूला सहाव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह.

आता कडा. पदक दिव्याखाली आडवं धरा, उजेड तिरका पडू द्या आणि कडेवरून हळूहळू फिरवा. ताऱ्यांना वाचण्यासारखी कडा नसते, त्यांची पाठ बघा. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदकं बिननावाची दिली गेली. हिंदी फौजेतल्यांच्या पदकांवर मात्र बरेचदा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली सापडते. अक्षरं बारीक असतात आणि शंभर हात लागून झिजलेली असतात. स्पेलिंगवर जाऊ नका. गोऱ्या कारकुनाने जाधवचं काय केलं असेल याचा नेम नाही. नंबर हा खरा धागा. सहाही पदकांवरचे नंबर कागदावर उतरवा, दोन माणसं आपोआप वेगळी होतील. एकाही पदकावर नाव नसेल तर घरातले कागद, म्हणजे डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पत्रं, पदकांइतकीच जपा.

छंदाबद्दलही माझं म्हणणं हेच आहे. धातू जमवू नका, नाव जमवा. चकचकीत बिननावाच्या ताऱ्यांचा अख्खा बोर्ड भिंतीवर लावलेले लोक मला माहीत आहेत, आणि मला त्यात फारसा रस वाटत नाही. याउलट पहिल्या महायुद्धाचं एखादं झिजलेलं ब्रिटिश वॉर मेडल, कडेवर शिपायाचं नाव आणि पुढे ‘११७ मराठा’, हे हातात आलं की काम सुरू होतं. १९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली आणि जुन्या १०३, १०५, ११०, ११६, ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. म्हणून कडेवर जुना आकडा दिसला तर पदक त्याआधीच्या नोकरीचं, हे तिथेच कळतं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. तुमचा शिपाई त्या वेढ्यात होता असं यावरून सिद्ध होत नाही. पण कुठे शोधायचं ते कळतं. तिकडे मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत नाव शोधा, ते घरबसल्या फुकट पाहता येतं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्याच्या दगडावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. त्यामुळे तुमच्या हातातली ती झिजलेली कडा हीच त्या माणसाच्या नावाची एकमेव कोरीव जागा असू शकते.

पहिल्या महायुद्धाच्या १९१४-१५ स्टारवर नाव मागच्या सपाट बाजूला असतं, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलवर कडेला. हे तिन्ही एकत्र आणि एकाच नावाचे मिळाले तर पैसे जास्त पडले तरी घ्या. व्यापारी सेट फोडतात, कारण तीन गिऱ्हाइकांना तीन नग विकता येतात. त्यात ब्रिटिश वॉर मेडल बहुधा गायब असतं, कारण पहिल्या महायुद्धाचं हे पदक चांदीचं. जवळपास एक औंस चांदी, म्हणून १९७९-८० मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर ही पदकं वितळली, आणि आपल्याकडे सराफाकडे जाणं तर कधीच थांबलं नाही. काशाचं ब्रिटिश वॉर मेडल दिसलं तर खोटं समजून टाकू नका. लेबर कोअरच्या, म्हणजे मजुरांच्या तुकड्यांतल्या लोकांना ते काशातच दिलं गेलं. सरकारने तिथेही जात पाहिली म्हणा.

खोट्यांचं बघू. दोन प्रकार असतात. एक, साचा घेऊन ओतलेली नक्कल: अक्षरांच्या कडा गोलसर, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, मापात किंचित लहान. दुसरा प्रकार वाईट. पदक खरं, पण साध्या पलटणीचं नाव घासून त्या जागी नामांकित पलटणीचं नाव टाकलेलं. यासाठी शंभर-दोनशे रुपयांचा व्हर्नियर कॅलिपर पुरे. वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर. कडा वेगवेगळ्या ठिकाणी मोजा. एका भागात भरली कमी तर तिथे कानस फिरली आहे. नाव ठोकलेलं आहे की कोरलेलं, हेही बघा. ठोकलेल्या अक्षराच्या तळाशी एकसारखा दाब दिसतो, कोरलेल्यात हत्याराचा ओरखडा. मात्र कोरलेलं म्हणजे खोटं असा नियम करू नका. १८९५ च्या इंडिया मेडलवर हिंदी शिपायांची नावं तिरप्या, वळणदार अक्षरांत कोरलेली सापडतात आणि ती अस्सल असतात.

तुमचा व्हिक्टोरिया क्रॉस. खऱ्या क्रॉसच्या मागे मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख असते आणि वरच्या पट्टीच्या पाठीवर माणसाचं नाव. इटलीत पाचव्या मराठ्यांच्या दोघांना तो मिळाला: यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी, मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या कामगिरीसाठी. इतकी मोजकी पदकं, त्यांचा माग लोक वर्षानुवर्षं ठेवतात. ती चादरीवर अंथरलेल्या कुलुपांच्या आणि चमच्यांच्या शेजारी येत नाहीत. विकणारा माणूस लबाड असेलच असं नाही, त्यालाही कुणीतरी तसंच सांगून दिलेलं असतं.

संगिनीचं वेगळं. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं, आणि १९०७ पॅटर्नच्या संगिनीचं पातं सतरा इंची. पोलिस ठाण्यात विचारल्याशिवाय घरी आणू नका. काडतुसं, शेल, ग्रेनेडचं ‘रिकामं’ कवच यांना तर हातही लावू नका. पुरावस्तू कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शंभर वर्षांची अट आहे. म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या वस्तू आता त्या वयात आल्यात. परदेशातल्या गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवून टाकू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

साफसफाई. पितांबरी नको, चिंच नको, टूथपेस्ट नको, ब्रासोही नको. काळपट थर हा मळ नाही, शंभर वर्षांत धातूवर आलेलं संरक्षण आहे. एकदा घासलात की उठावदार भाग गेला, आणि मग कडेवरचं नावही जातं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा, बस. फीत जीर्ण असली तरी काढून फेकू नका, नवी लावायची हौस असेल तर जुनी पाकिटात घालून त्याच पदकाबरोबर ठेवा. नाण्यांच्या अल्बमची मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं टाळा, पावसाळ्यात ती घाम धरतात आणि तांब्यावर हिरवं चढतं. कोकणात घर असेल तर सिलिका जेलची पुडी दर जून महिन्यात बदला.

विकत घ्यायला मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि नाण्यांची प्रदर्शनं. गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून ‘बिल्ले’ किलोच्या भावाने उचलणारे आहेत, त्यांच्यातले होऊ नका. एखादं घर खरंच विकत असेल तर योग्य पैसे द्या आणि सोबतचे कागद मागा. मूळ देत नसतील तर फोटो काढून घ्या. नाव, गाव, घेतल्याची तारीख एका वहीत. ही वही नसेल तर तुमच्या पश्चात तो सगळा माल पुन्हा बिननावाचाच होतो.

तुमच्या घरच्यांसाठी पुढची पायरी बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि नातं लिहून अर्ज करा, डिस्चार्जची झेरॉक्स जोडा. वाट कशी काढायची ते तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोक सांगतील. आणि दोन नंबर निघाले तर दोन वेगळे अर्ज करा. दुसऱ्या माणसाची पलटण मराठाच असेल असं गृहीत धरू नका. कडेवर जे लिहिलंय, अर्ज त्या पलटणीला.