गॅलिलेई मंडळावर संशोधन करायचे, पण पोटापाण्याचे काय?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. इतिहासात बी.ए. झालेल्या आपल्या कन्येला विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात निघालेल्या मुक्तविचारी विद्यार्थी मंडळांवर, विशेषतः बुडापेस्टच्या गॅलिलेई मंडळावर, संशोधन करायचे आहे. अशा विषयावर पोट भरणार कसे, त्यापेक्षा तिने स्पर्धा परीक्षा द्याव्यात का, असे आपण विचारले आहे.

विषय आडवळणाचा वाटला तरी तो पोकळ नाही. बुडापेस्ट विद्यापीठात ग्युला पिकलर या प्राध्यापकांच्या व्याख्यानांत सनातनी विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांतून १९०८ मध्ये हे मंडळ स्थापन झाले आणि कायद्याचा विद्यार्थी कार्ल पोलान्यी त्याचा पहिला अध्यक्ष झाला. सभासदांपैकी अनेक जण ज्यू कुटुंबांतले, बेताच्या परिस्थितीतले होते. ते व्याख्याने भरवीत, कामगारांसाठी वर्ग चालवीत. १९१८ च्या जानेवारीत युद्धविरोधी पत्रके वाटल्यावरून मंडळाची सभासद इलोना दुचिन्स्का आणि तिचे सहकारी पकडले गेले व सरकारने मंडळ बंद केले. पुढे पोलान्यी यांनी व्हिएन्नात पत्रकारिता केली, १९३३ नंतर इंग्लंडमध्ये कामगारांचे वर्ग घेतले आणि त्याच काळातल्या अभ्यासातून बाजारावर आधारित अर्थव्यवस्थेच्या उदयावरचा १९४४ चा त्यांचा 'द ग्रेट ट्रान्स्फॉर्मेशन' हा ग्रंथ उभा राहिला, हे मला फार मोलाचे वाटते.

खरी अडचण भाषेची आहे. मंडळाचे मूळ साहित्य हंगेरियन भाषेत आहे. ती न शिकता केलेली पीएच.डी. दुसऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेल्यावरच विसंबून राहील. म्हणून एम.ए.च्या प्रबंधासाठी तिने इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातले 'हेरेटिक्स' (म्हणजे पाखंडी) हे तशाच मुक्तविचारी विद्यार्थ्यांचे मंडळ घ्यावे, असे मी सुचवतो. १९०९ मध्ये सी. के. ऑग्डेन या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने ते निघाले. धर्माच्या प्रश्नावर केवळ अधिकारवाणीने दिलेले उत्तर मान्य न करणे ही सभासदत्वाची अट होती, आणि त्यात विद्यार्थिनींनाही प्रवेश होता. त्याच वर्षी जेन हॅरिसन या विदुषीने तेथे व्याख्यान दिले, तर १९२४ मध्ये कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांनी निबंध वाचला. ही सामग्री इंग्रजीत असल्याने इथे राहूनही पुष्कळ काम होईल.

एम.ए.च्या दोन वर्षांत तिने पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकावे. व्हिएन्नाच्या संदर्भांसाठी ती भाषा लागेलच, शिवाय पुढे संशोधन जमले नाही तरी भाषांतर, अध्यापन किंवा जर्मन कंपन्यांतील नोकरी यांसाठी उपयोगी पडेल. हंगेरियन शिकण्याची सोय दिल्ली विद्यापीठात आहे. हंगेरी सरकारची 'स्टायपेंडियम हंगारिकम' शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांनाही मिळते. अर्ज करण्याच्या वर्षीच्या अटी मात्र नीट पाहून घ्याव्यात. पोलान्यी यांची कागदपत्रे माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील संस्थेत जतन केलेली आहेत.

पैशांबाबत स्पष्टच लिहितो. महाविद्यालयीन प्राध्यापकांची भरती आपल्याकडे वर्षानुवर्षे रखडते, त्यामुळे केवळ त्या नोकरीच्या भरवशावर हा मार्ग धरू नये. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेबरोबर जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतनावर पीएच.डी.चा खर्च भागू शकतो, म्हणून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच नेटची तयारी सुरू करावी. स्पर्धा परीक्षा तिची स्वतःची इच्छा असेल तरच द्याव्यात, कारण आपल्या आग्रहाखातर दिल्या तर त्या तयारीत काही वर्षे जातील आणि हाती घेतलेला विषयही सुटेल.

'हेरेटिक्स'वर काय शोधायचे आहे, हे तिने चार पानांत लिहून मला पाठवावे. ते वाचून कोणत्या विद्यापीठात एम.ए. करावे, हे आपण तिघे मिळून ठरवू.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक